डाव्या डोळ्यातला लाल

"शेठ, हिला लाल दिसत नाही."

अक्का हे माझ्या तोंडावर म्हणाल्या. केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. टेबलामागे गिरधारीशेठ, आमच्या प्रोसेसच्या कारखान्याचे मालक. दाराशी मोमीन मास्तर, ज्यांच्या हाताखाली सगळे रंग शिजायचे. मी मधे उभी, आणि माझ्या बाजूला पद्मिनीअक्का, माझी थोरली जाऊ.

"काय बोलताय काय?" मी म्हणाले. "पाच वर्षं मी लॅबमध्ये शेड पास करतेय."

"पाच वर्षांचं नाही म्हणत. आताचं म्हणतेय."

शेठनी ड्रॉवरमधून कापडाचे तीन तुकडे काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तिन्ही डाळिंबी. ते म्हणाले, "त्रिशलाबाई, यातले दोन एकाच शेडचे आहेत. एक वेगळा आहे. वेगळा कुठला ते सांगा."

मला हसूच आलं. असले तुकडे मी दिवसाला पन्नास बघत होते. खाली वाकले, मान जरा वळवली, आणि मधला उचलला.

मी मास्तरांकडे बघितलं, तर ते चपलेकडे बघत होते. शेठनी तिन्ही तुकडे गोळा करून परत ड्रॉवरमध्ये टाकले.

"डोळ्याच्या डॉक्टरचा कागद आणा," ते म्हणाले. "डोळे ठीक आहेत असं त्यांनी लिहून दिलं की या कामावर. तोवर लॅबमध्ये पद्मिनीबाई बसतील."

"आत्ता कळलं," मी अक्कांकडे वळून म्हणाले. "खुर्चीसाठी चाललंय तर हे."

"खुर्ची माझीच होती," अक्का म्हणाल्या आणि माझ्याआधी बाहेर पडल्या.

ही गोष्ट इचलकरंजीतली, त्याला आता बरीच वर्षं झाली. कापडावर रंग चढवून देणारं आमचं प्रोसेस गावाच्या कडेला होतं. रंगवलेला प्रत्येक लॉट आधी माझ्याकडं लॅबमध्ये यायचा. गिऱ्हाइकाच्या सॅम्पलशी त्याची शेड जुळते का, हे मी उत्तरेच्या खिडकीत धरून बघायची आणि सही करायची. तिथून तो घड्या घालून बांधायला फोल्डिंगला जायचा. फोल्डिंगला अक्का होत्या.

माझ्याआधी लॅबमध्येही त्याच होत्या, आणि मला या कामावर त्यांनीच लावलं होतं. पहिलं वर्षभर मी फोल्डिंगला होते. येणाजाणाऱ्या प्रत्येकीला अक्का सांगायच्या, "ही माझी धाकटी जाऊ, मी चिकटवलीय हिला इथं." जेवणाच्या सुट्टीत वीस बायकांसमोर सांगायच्या. मग एक दिवस मी शेठकडं गेले आणि म्हणाले की अक्का घाईघाईत ओल्या कापडावरच शेड पास करतात. ओलं कापड गडद दिसतं, वाळल्यावर फिकं पडतं, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याच आठवड्यात एक लॉट फिका म्हणून परत आला होता. शेठनी अक्कांना लॅबमधून उठवलं आणि मला बसवलं.

त्या दिवसापासून अक्का माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नव्हत्या. आमचं घर एक, मधे विटांची भिंत. अंगण आणि नळ तेवढा सामाईक. नळावर त्या आल्या की मी घागर उचलून आत जायची.

त्यामुळं त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात एकच विचार होता. डॉक्टरचा कागद आणायचा आणि तो अक्कांच्या तोंडावर मारायचा.

माझे डोळे वेगळे दिसत होते, ते मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी मला थायरॉइडचं दुखणं झालं. गळा सुजला, छातीत धडधडायचं, हात थरथरायचे, जेवून जेवून वजन उतरायचं. गोळ्यांनी ते सगळं आटोक्यात आलं, पण डोळे पुढं येत गेले. पांढरं बुबुळाच्या वर आणि खालीही दिसायला लागलं. झोपेत पापण्या मिटायच्या नाहीत. सकाळी डोळे वाळूनं भरल्यासारखे टोचायचे. भाजीवाला म्हणायचा, "बाई, भाव सांगितला तर वटारताय कशाला?" फोल्डिंगच्या पोरी मागून घुबड म्हणायच्या. मला ऐकू यायचं. पण दिसण्याचा आणि बघण्याचा काय संबंध? लॅबमध्ये रंग मळकट वाटायला लागले तेव्हा मी तिथली ट्यूबलाइट बदलून घेतली. दोनदा बदलून घेतली. खिडकीची काच धुऊन घेतली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन मी मिरजेला गेले. माझा नवरा सुकुमार मागावर जॉबर होता, यंत्रं दुरुस्त करायचा. सिगारेट सोडून दुसरं व्यसन नाही, आणि भावाशी-भावजयीशी बोलायचं नाही असं मी सांगितलं तेव्हापासून तो त्यांच्याशी बोलत नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टर मृणाल पेठे माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी माझी अक्षरं वाचून घेतली, पट्टीनं डोळा किती पुढं आलाय ते मोजलं. मग टेबलावरची औषधाची एक बाटली उचलली, तिचं लाल टोपण माझ्यापुढं धरलं आणि माझा डावा डोळा हातानं झाकला.

"रंग कोणता?"

"लाल."

मग उजवा झाकला. "आता?"

मी बघत राहिले. "हे दुसरं टोपण आहे," मी म्हणाले.

"तेच आहे."

"मग प्रकाश बदलला असेल."

"काहीही बदललेलं नाही. कसं दिसतंय सांगा."

"विटलेलं," मी म्हणाले. "जुन्या विटेसारखं."

त्यांनी टोपण खाली ठेवलं. "हे कधीपासून आहे?"

"पंधरा दिवस. फार तर."

"पंधरा दिवसांचं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "घरात कुणी सिगारेट ओढतं?"

सुकुमारनं मान खाली घातली. डॉक्टरांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. या आजारात धुरानं डोळे आणखी बिघडतात, हे कुणी सांगितलं नव्हतं का? मग माझ्याकडं वळून त्यांनी समजावलं. डोळ्यामागचे स्नायू आणि चरबी सुजली होती. हाडाच्या खोबणीत त्यांना जागा पुरत नव्हती, म्हणून डोळा पुढं ढकलला जात होता. आणि खोबणीच्या अगदी मागच्या अरुंद टोकाशी डोळ्याची नस त्या सुजेत आवळली जात होती. डावी जास्त. उजवीही सुरू झाली होती.

"आजच दाखल व्हा," त्या म्हणाल्या.

"मला फक्त कागद पाहिजे," मी म्हणाले. "डोळे ठीक आहेत असा."

त्यांनी नर्सला हाक मारून खाट तयार करायला सांगितली.

तीन दिवस सलाईनमधून स्टिरॉइड दिलं. चौथ्या दिवशी टोपण दाखवलं तर वीट ती वीटच. तेव्हा नाक-कान-घशाचे डॉक्टर सलगरे आले. ते म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल. आम्ही दोघं मिळून करू. नाकातून."

"डोळ्याचं ऑपरेशन नाकातून?" सुकुमार उठून उभाच राहिला. "आम्ही अडाणी दिसतो म्हणून काहीही सांगताय का?"

डॉक्टरांनी हाताची मूठ केली आणि दुसऱ्या हातानं तिच्याभोवती वाटी धरली. "ही मूठ म्हणजे डोळा. ही वाटी म्हणजे हाडाची खोबण. वाटी मोठी करता येत नाही, पण तिची नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ असते. नाकातून दुर्बीण घालायची, ती भिंत मागपर्यंत काढायची. आत कोंडलेली चरबी नाकाशेजारच्या पोकळीत उतरते. डोळा मागं बसतो, नस मोकळी होते. बाहेरून एक टाकासुद्धा नाही."

"आणि नसेला धक्का लागला तर?"

"लागू शकतो. दृष्टी जाऊ शकते, तेही या कागदावर लिहिलंय. एकाच्या दोन वस्तू दिसतात काही जणांना, पुढं त्याचं वेगळं ऑपरेशन लागतं. पण काहीच केलं नाही तर डावा डोळा जाणार, मागून उजवा."

"घरी जाऊन विचार करतो," सुकुमार म्हणाला.

"तुम्ही काय विचार करणार?" मी त्याच्यावर ओरडले. "द्या पेन इकडं." सही कुठं करायची ते मला नीट दिसेना. डॉक्टरांनी बोट ठेवलं, तिथं मी केली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. त्या दुपारी वॉर्डच्या दारात अक्का उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, चेहरा घट्ट.

"लॅबच्या कपाटाची किल्ली दे," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकांच्या सॅम्पलची शेडकार्डं आत अडकलीत. काम थांबलंय."

"त्यासाठी मिरजेपर्यंत आलात?"

"मग काय तुझी ओटी भरायला येऊ?"

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं तोंड फिरवलं. मला इतका राग आला की छाती पुन्हा पूर्वीसारखी धडधडायला लागली. "माझे डोळे जायची वेळ आलीय, आणि तुम्हाला किल्ली पाहिजे," मी म्हणाले. "बसा त्या खुर्चीवर. मरेपर्यंत बसा. मी मेले तरी बसा."

"ओरडू नकोस. डोळ्यावर ताण येतो."

"माझ्या डोळ्यांची काळजी तुम्ही करू नका!"

आवाज ऐकून डॉक्टर पेठे आत आल्या. वॉर्डात भांडायचं असेल तर बाहेर व्हा, असं त्या म्हणणार, तेवढ्यात अक्काच त्यांच्याकडं वळल्या.

"डॉक्टर, डावा डोळा पहिल्यासारखा होईल ना? चैत्रापासून चाललंय हे."

डॉक्टर थांबल्या. "चैत्रापासून? पेशंट तर पंधरा दिवस म्हणतात."

अक्कांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी सुकुमारकडं बघितलं. "डावा आहे, हे तुम्ही यांना सांगितलंत?"

"मी बोलतो कुठं त्यांच्याशी?" तो म्हणाला. खरंच होतं ते. केबिनमध्येही डाव्या-उजव्याचा विषय निघाला नव्हता. आणि तेव्हा श्रावण चालू होता.

चैत्र ते श्रावण. मी उशाखालची पर्स काढली, किल्ली काढली आणि अक्कांच्या अंगावर फेकली. ती त्यांच्या खांद्याला लागून फरशीवर पडली. त्यांनी वाकून उचलली, पदर सारखा केला आणि निघून गेल्या. दारातून मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

भूल देताना माणसं देवाचं नाव घेतात म्हणे. मी चैत्रापासूनचे महिने मोजत होते.

जागी झाले तेव्हा नाकात कापूस कोंबलेला, घशात रक्ताची चव. सगळं दोन दोन दिसत होतं. दोन सुकुमार, दोन सलाईनच्या बाटल्या. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची, खाली वाकायचं नाही, असं नर्सनं दहा वेळा बजावलं. दोन दिवसांनी कापूस काढला तेव्हा वाटलं, अर्धं डोकंच ओढून काढलं. पण त्या दुपारी मला झोप लागली, आणि उठल्यावर सुकुमार म्हणाला, "त्रिशला, तुझे डोळे मिटले होते."

एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन बराच वेळ बसला. सिगारेट ओढायला गेला असेल असं मला वाटलं. पण आला तेव्हा वास नव्हता.

आठवड्यानं डॉक्टर पेठ्यांनी तेच टोपण काढलं. उजव्या डोळ्याला लाल. लखलखीत लाल. मग उजवा झाकला.

"लाल आहे," मी म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण चार वेळा धुतल्यासारखा."

"अक्षरं आता तळापर्यंत वाचताय. नस वाचली," त्या म्हणाल्या. "आणखी थोडा फरक पडेल. पण नस फार दिवस आवळलेली होती. तुम्ही तीन-चार महिने आधी आला असतात तर हा लालही पूर्ण परत आला असता. आता राहील एवढं कमी."

अडीच महिन्यांनी मी प्रोसेसमध्ये गेले. डोळे आत बसले होते. तिरकं बघितलं की अजून दोन दिसायचे, समोर बघितलं की एकच. हातात डॉक्टरचा कागद होता. उजव्या डोळ्यानं रंग ओळखता येतात, काम करण्यास हरकत नाही, असा.

आधी शेठकडं गेले नाही. लॅबमध्ये गेले. अक्का खिडकीत उभ्या होत्या, हातात मेंदी रंगाचं कापड.

"चैत्रापासून तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"होय."

"कसं?"

"कापड बघताना तू मान डावीकडं वळवायला लागलीस. उजवा डोळा पुढं करून." त्यांनी कापड खाली ठेवलं. "आणि तुझे लॉट चुकायला लागले. आठवड्याला एखादा. लाल, डाळिंबी, मरून. बाकी रंग बरोबर असायचे."

"आणि तुम्ही गप्प राहिलात."

"गप्प नाही राहिले. चुकलेला लॉट मी फोल्डिंगवरून मास्तरांकडं परत पाठवायची. तुझ्यासाठी नाही. गिऱ्हाइकाकडून परत आला असता तर माझ्या खात्याचंही नाव गेलं असतं. आणि परत पाठवायच्या आधी प्रत्येकाचा एक तुकडा कापून ठेवायची."

"कशाला?"

"एकदम शेठपुढं टाकायला. एखाद-दुसरा दाखवला असता तर त्यांनी तुला समज देऊन सोडून दिलं असतं. मला तुला पुरती पाडायची होती." हे त्या भाजीचा भाव सांगावा तशा सांगत होत्या. "चार महिने मी रोज सकाळी उठून तेच मनात धरून कामावर येत होते. बरं वाटायचं."

"मग आणखी थांबायचं होतं. श्रावणातच का सांगितलंत?"

अक्का खिडकीबाहेर बघायला लागल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"सन्मती नळापाशी पडला तेव्हा."

सन्मती त्यांचा नातू, तेव्हा चार वर्षांचा.

"तू त्याला उचललंस. गुडघा धुतलास. म्हणालीस, रडू नको रे, नुसता चिखल लागलाय, रक्त नाही आलं. मी दारातून बघत होते. तुझ्या मनगटापर्यंत रक्ताचा ओघळ आला होता, त्रिशला. संध्याकाळ होती, पण इतका काही अंधार नव्हता. तू तोच हात पदराला पुसलास आणि आत गेलीस."

मला ती संध्याकाळ आठवली. पदरावरचा डाग मी दुसऱ्या दिवशी चिखलाचा म्हणून घासला होता, आणि जाईना म्हणून साबणाला शिव्या दिल्या होत्या.

"त्या रात्री मला अन्न गेलं नाही," अक्का म्हणाल्या. "सकाळी शेठकडं गेले."

"डाव्या डोळ्यातला माझा लाल गेला, अक्का. तुमच्या त्या चार महिन्यांत गेला. डॉक्टरच म्हणाल्या."

"माहीत आहे. मिरजेला ते बघायलाच आले होते, किती गेलाय ते. दुसरी किल्ली मास्तरांकडं होती."

"मग तेव्हा एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

"कुठला शब्द? माफ कर म्हणू?" त्या माझ्याकडं वळल्या, आणि त्यांचा चेहरा पुन्हा घट्ट झाला. "तुझा डोळा माझ्या चार महिन्यांत गेला, ते मी डोक्यावर घेते. माझी खुर्ची कशात गेली ते तू सांग. मी अकरा वर्षं शेड पास केली. एकदा तरी ओल्या कापडावर सही केली का मी?"

नव्हती केली. त्या दिवशीचं कापड वाळलेलं होतं. मी स्वतः हात लावून बघितलं होतं. लॉट फिका पडला तो रंगाच्या पिंपात पाणी जास्त झाल्यामुळं, हे मोमीन मास्तरांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मास्तर स्वतःची चूक सांगणार नव्हते. मी अक्कांचं नाव घेतलं. वीस बायकांसमोर "मी चिकटवलीय हिला" असं त्या म्हणाल्या होत्या ना, म्हणून घेतलं. पाच वर्षं ही गोष्ट मी सुकुमारलाही सांगितली नव्हती.

"कापड कोरडं होतं," मी म्हणाले.

"मला काय सांगतेस? मी नव्हते का तिथं?" अक्का म्हणाल्या. "मला ऐकायचं नाही. ज्यांनी ऐकायला पाहिजे ते तिकडं केबिनमध्ये बसलेत."

मी तशीच केबिनमध्ये गेले. शेठनी हसून स्वागत केलं, कागद वाचला, म्हणाले, "छान झालं. उद्यापासून बसा लॅबमध्ये. पद्मिनीबाई जातील फोल्डिंगला."

"शेठ," मी म्हणाले, "पाच वर्षांपूर्वी मी खोटं बोलले होते."

सगळं सांगितलं. मास्तरांचं नाव तेवढं घेतलं नाही. शेठ ऐकून घेऊन पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "अहो बाई, कशाला उकरताय आता? झालं गेलं. तुम्ही दोघी एका घरातल्या."

"म्हणूनच उकरतेय. लॅबमध्ये त्याच बसू देत. मला फोल्डिंगला पाठवा."

"मागून तक्रार करायची नाही."

"नाही करणार."

केबिनबाहेर अक्का उभ्या होत्या. दार पुरतं लागलेलं नव्हतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. त्या बोलल्याही.

"आता फार मोठी झाल्यासारखं वाटत असेल तुला," त्या म्हणाल्या. "वाटू दे. पाच वर्षं मी या बायकांत कामचोर म्हणून वावरले. तुझ्या एका दुपारीनं ते भरून येत नाही."

"तुमच्यासाठी नाही केलं मी ते," मी म्हणाले.

"मग ठीक," त्या म्हणाल्या आणि लॅबमध्ये जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

मी फोल्डिंगला बसले. ज्या पोरी मागून घुबड म्हणायच्या, त्यांच्याच शेजारी. चार दिवसांत सगळ्या खात्याला कळलं की त्रिशलाबाई खोटं बोलल्या होत्या. मग त्या घुबड म्हणेनाशा झाल्या, दुसरं म्हणायला लागल्या. ते मी इथं लिहीत नाही. मोमीन मास्तर मला बघितलं की रस्ता बदलायचे. घरी मधली भिंत होती तशीच राहिली. नळावर अक्का आल्या की मी आत जायची, मी आले की त्या जायच्या.

वर्ष असंच गेलं. मधे एकदा मिरजेला जाऊन तिरळेपणाचं छोटं ऑपरेशन केलं, तेव्हा ते दोन दोन दिसणंही थांबलं. डाव्या डोळ्यातला लाल मात्र राहिला तेवढाच राहिला.

मग एका सकाळी लॅबमधून मरून रंगाचा मोठा लॉट आला. सही अक्कांची. मी कापडाचा पहिला ताका उलगडला आणि हात थांबला. शेडकार्डाशी धरून बघितलं. दुसरा ताका उलगडला, तिसरा उलगडला. शेजारची पोर म्हणाली, "काय झालं?" मी लॉटवर खडूनं फुली मारली आणि परत लॅबकडं पाठवून दिला.

पाच मिनिटांत अक्का स्वतः बाहेर आल्या. हातात त्या ताक्याचं टोक होतं, बाकीचं कापड मागं फरशीवरून ओढलं जात होतं. सगळं खातं काम सोडून बघायला लागलं. त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. मी उठले. आता वीस बायकांसमोर काय काय ऐकावं लागणार, याची मी तयारी केली.

अक्कांनी माझा दंड धरला आणि मला दारात, उन्हात ओढत नेलं. कापड एका हातावर पसरून माझ्यापुढं धरलं. दुसऱ्या हातानं लॅबमधून आणलेलं शेडकार्ड त्याच्यावर ठेवलं.

"डावा झाक," त्या म्हणाल्या. "आणि नीट बघ."

मी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. बघितलं. घाई केली नाही.

"फिकट आहे," मी म्हणाले. "एका पाण्यानं."

अक्कांनी कापड स्वतःच्या डोळ्यांजवळ नेलं. उन्हाकडं केलं, सावलीत केलं, परत उन्हाकडं केलं. त्यांचंही वय झालं होतं, आणि ते त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. कपाळावर घाम आला होता.

"आहे," त्या म्हणाल्या.

ताका खांद्यावर टाकून त्या दोन पावलं गेल्या, मग थांबल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "लाल आला की मला बोलवत जा."

"तुम्ही पाठवत जा," मी म्हणाले.

त्या आत गेल्या. मी परत येऊन पुढचा ताका उलगडला.